अंशांची तफावत आणि सत्याचे व्रत

इसवी सन १५०० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, आज ब्राझील या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमीच्या किनाऱ्यावर नांगर टाकून उभ्या असलेल्या पेद्रो आल्वारिश काब्रालच्या आरमारातून पोर्तुगालच्या राजा मानुएलला दोन पत्रे लिहिली गेली. त्यांपैकी लेखनिक पेरु व्हाझ द कामिन्या याचे पत्र नव्या भूमीच्या आणि तेथील माणसांच्या रसाळ वर्णनामुळे जगप्रसिद्ध झाले. दुसरे, मेस्त्र जुआंव नावाच्या वैद्याने लिहिलेले पत्र, आकाराने लहान आणि भाषेने रूक्ष असल्यामुळे अभ्यासकांच्या दप्तरातच राहिले. मला स्वतःला हे दुसरे पत्र अधिक मोलाचे वाटते. या वैद्याकडे आकाशनिरीक्षणाचे काम होते. २७ एप्रिलला तो दोन सुकाणूवाल्यांना बरोबर घेऊन जमिनीवर उतरला, त्याने माध्यान्हीच्या सूर्याचे उन्नतांश छप्पन्न मोजले, आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांति हिशेबात घेऊन आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस सतरा अंशांवर आहोत असा निष्कर्ष काढला. ती जागा वस्तुतः सुमारे सोळा अंश वीस कलांवर आहे. म्हणजे चूक पाऊण अंशाच्या आत राहिली, आणि त्या काळाच्या मानाने ती थोडीच म्हटली पाहिजे.

परंतु त्या पत्राचे मोल या यशात नाही. आपल्या पायाला खरचटून झालेली जखम चिघळून तळहातापेक्षा मोठी झाली आहे, गलबत लहान असून मालाने इतके खच्चून भरले आहे की हालचालीस जागा नाही, असे सांगून जुआंव पुढे असे कळवतो की समुद्रावर ताऱ्याचे उन्नतांश घेणे मला अशक्यच वाटते. मी त्यासाठी पुष्कळ खटपट केली, पण गलबत जरासे डोलले तरी चार-पाच अंशांची चूक होते, तेव्हा हे काम जमिनीवरच करावे. हिंदी महासागरातील नाखव्यांकडून घेतलेल्या फळ्यांविषयी, म्हणजे ज्यांना अरब खलाशी ‘कमाल’ म्हणत त्या गाठी मारलेल्या दोरीच्या साधनाविषयीही, तो असेच लिहितो: त्याने मोजणाऱ्यांची मापे एकमेकांशी इतकी विसंगत येत की महाराजांना ती पाहून अॅस्ट्रोलेबपेक्षाही अधिक हसू आले असते. ज्या विद्येच्या भरवशावर राजाने तेरा गलबते आणि शेकडो माणसे महासागरात लोटली होती, त्या विद्येची मर्यादा त्याच राजाच्या चाकरीतील एका माणसाने, कोणी विचारलेले नसताना, आकड्यासह लिहून पाठवावी, या गोष्टीत मला केवळ नौकानयनाच्या इतिहासाचा तपशील दिसत नाही. स्वभावतःच चुकणाऱ्या प्राण्याने सत्याचे व्रत कसे पाळावे, हा जो धर्मचिंतनातला अत्यंत जुना प्रश्न आहे, तोच येथे लाटांवर डोलणाऱ्या एका पितळी तबकडीच्या निमित्ताने उभा राहिला आहे.

ती तबकडी जवळून पाहण्यासारखी आहे. जमिनीवरच्या ज्योतिषाचे अॅस्ट्रोलेब, ज्याला आपल्याकडे यंत्रराज म्हणत, नक्षत्रांच्या जाळीदार पत्र्यांनी नटलेले असे. समुद्रावरचे यंत्र त्या मानाने अगदी विरक्त. जाड पितळेचे वजनदार कडे, वाऱ्याचा जोर लागू नये म्हणून पुढे पुढे मध्यभागी ठेवलेल्या पोकळ्या, लंबरेषेत स्थिर राहावे म्हणून खालच्या अंगाला अधिक धातू, आणि मध्यभागी खिळलेली एक फिरती पट्टी, जिच्या दोन टोकांपाशी बारीक छिद्रांच्या दोन उभ्या पाकळ्या. खलाशी वरच्या कडीत अंगठा घालून यंत्र लोंबते धरी आणि सूर्याचा किरण वरच्या छिद्रातून येऊन बरोबर खालच्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवी. मग पट्टीचे टोक कडेवरच्या ज्या खुणेवर येई ते उन्नतांश. ओमानच्या किनाऱ्याजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या एका पोर्तुगीज गलबताच्या अवशेषांतून २०१४ साली अशी एक तबकडी वर आली. तिचा व्यास साडेसतरा सेंटीमीटर असून खुणा पाच-पाच अंशांवर आहेत. एवढ्या व्यासाच्या वर्तुळावर एका अंशाच्या वाट्याला कडेची जेमतेम दीड मिलिमीटर जागा येते. आणि पृथ्वीच्या पाठीवर त्याच एका अंशाचे अंतर साठ सागरी मैल, म्हणजे सुमारे एकशे अकरा किलोमीटर भरते. दीड मिलिमीटरची थरथर आणि एकशे अकरा किलोमीटरची वाटचूक या दोहोंमध्ये त्या माणसाचा हात, त्याचा श्वास, गलबताचे डोलणे आणि वारा एवढेच उभे होते. वास्को द गामाने १४९७ च्या नोव्हेंबरात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या सेंट हेलेना उपसागरात उतरून जमिनीवर सूर्य मोजला, त्याचे कारणही हेच.

आता कोणी विचारील की, चार-पाच अंश चुकणाऱ्या साधनाने मिळालेल्या माहितीला ज्ञान तरी का म्हणावे? वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या आरंभीच प्रमाणाची सार्थकता प्रवृत्तीच्या सामर्थ्यावर, म्हणजे त्या ज्ञानाच्या आधाराने केलेली कृती सफल होण्यावर, उभी केली आहे, आणि त्या न्यायाने पाहू गेल्यास गलबत बंदराला लागले की माप खरे ठरले असे म्हणता येईल. पण हे उत्तर मला अपुरे वाटते. वारा अनुकूल म्हणून, प्रवाहाने चूक भरून काढली म्हणून, किंवा निव्वळ दैवयोगानेही गलबत बंदराला लागते; आणि अशा वेळी सफलतेने चुकीवर प्रामाण्याची मोहोर उमटते, जी पुढच्या सफरीत घातक होते. त्या खलाशांची खरी प्रज्ञा सफल होण्यात नव्हती; चूक होणार हे गृहीत धरून कृतीची आखणी करण्यात होती. दक्षिण अटलांटिकमध्ये सोळा अंशांच्या आसपास सेंट हेलेना नावाचे एक एकाकी बेट आहे; हिंदुस्थानातून परतणारी गलबते तेथे पाण्यासाठी थांबत. चहूकडे शेकडो कोस पाणी आणि मध्ये दहा-पंधरा किलोमीटरचा तो खडक. अशा बेटाकडे नाक धरून सरळ जाणारा माणूस बेट दिसले नाही की फसतो, कारण ते पुढे राहिले की मागे गेले हे त्याला कळण्यास मार्ग नाही. म्हणून शहाणा सुकाणूवाला बेटाच्या पूर्वेस पुष्कळ अंतर राखून प्रथम त्याच्या अक्षांशावर येई, आणि मग पुढे पश्चिमेस बेट आहेच या खात्रीने, दररोज सूर्य मोजत त्या समांतर रेषेवरून उतरत जाई. आपले अज्ञान कोणत्या दिशेचे आहे हे त्याने स्वतः ठरवून घेतलेले असे. मी अचूक आहे असे समजणाऱ्याला ही तजवीज सुचणेच शक्य नाही; ती केवळ आपल्या प्रमादाचे माप ठाऊक असलेल्या माणसालाच साधते.

या विचाराची तात्त्विक बाजू पाहायची तर पोर्तुगीजांच्या मागे दीडशे वर्षे जाऊन प्रोव्हान्समधील लेव्ही बेन गेर्शोन (१२८८–१३४४) या यहुदी धर्मपंडिताकडे वळले पाहिजे. बायबलवर भाष्ये लिहिणारा, तर्कशास्त्र आणि गणित या दोहोंत पारंगत असलेला हा पुरुष ‘ईश्वराची युद्धे’ या नावाच्या आपल्या तत्त्वग्रंथात, आत्म्याचे अमरत्व, ईश्वराचे ज्ञान, विधात्याचे विश्वपालन अशा विषयांच्या ओळीत, आकाशातील कोन मोजण्याच्या एका लाकडी काठीचे सविस्तर वर्णन करतो. त्या भागाचे लॅटिन भाषांतर १३४२ मध्ये सहाव्या क्लेमंट पोपला अर्पण झाले, आणि तीच काठी पुढे सोळाव्या शतकात खलाशांच्या हाती गेली: एक लांब दांडा, त्यावर सरकणारी आडवी पट्टी, दांड्याचे टोक डोळ्यापाशी, पट्टीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला भिडवायची. परंतु लेव्हीला एक गोष्ट खटकली. दांड्याचे टोक डोळ्याला टेकले तरी दृष्टीच्या रेषा जेथे एकत्र येतात तो बिंदू डोळ्याच्या पृष्ठभागावर नसून आत आहे; म्हणून कोनाचा शिरोबिंदू काठीच्या टोकावर नसतो, आणि प्रत्येक मापात तेवढी चूक शिरते. त्याने तो बिंदू प्रयोगाने शोधला आणि मापांत दुरुस्ती केली. यंत्राचा दोष सगळेच शोधतात. पाहणाऱ्याचे शरीर, प्रत्यक्ष पाहणारा डोळा, हाच मापातील एक दोष आहे, हे एका धर्मपंडिताने शोधावे, यात मला मोठे औचित्य दिसते. द्रष्ट्याला दृश्यापासून वेगळा काढून तपासण्याची सवय अध्यात्माने ज्याला लावली आहे, त्यालाच हे प्रथम सुचावे हे स्वाभाविक आहे. खलाशांपर्यंत ही गोष्ट पोचण्यास मात्र फार काळ गेला. इंग्लंडातील एडवर्ड राइट याने १५९९ मध्ये केवळ नौकानयनातील चुकांचाच विचार करणारे पुस्तक लिहिले, त्यात डोळ्याच्या या दोषाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला.

लेव्हीने त्याच ग्रंथात ईश्वराच्या ज्ञानाविषयी जो सिद्धांत मांडला, त्यामुळे त्याच्या धर्मबांधवांत खळबळ उडाली. ईश्वर विश्वाची सर्वसाधारण व्यवस्था पूर्णत्वाने जाणतो, व्यक्तिविशेषांना तो त्या व्यवस्थेच्या द्वारे जाणतो, आणि मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेवर अवलंबून असलेल्या भावी घटना निश्चित म्हणून त्याच्या ज्ञानात नसतात, असे त्याचे प्रतिपादन होते. हे ईश्वराच्या बाजूचे युद्ध नसून ईश्वराविरुद्धचे युद्ध आहे असा ठपका पुढे त्याच्या ग्रंथावर ठेवण्यात आला. मी स्वतः या सिद्धांताचा अनुयायी नाही. सर्वज्ञता ही अशी विभागून घेता येते असे मला वाटत नाही. पण ज्याने परमेश्वराच्या ज्ञानाची व्याप्तीही तर्काच्या कसोटीला लावली, त्याने आपल्या डोळ्यातील अर्ध्या बोटाची चूक दडवली नाही, या दोन गोष्टी एकाच वृत्तीतून आल्या आहेत. श्रद्धा डळमळेल म्हणून मापाकडे पाहायचे नाही ही वृत्ती त्याच्या ठिकाणी नव्हती, आणि त्याची श्रद्धा त्यामुळे कमी झाली असे त्याची भाष्ये वाचून कोणीही म्हणणार नाही.

जुआंव ज्या आरमारात होता ते आरमार पुढे कालिकतला आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने त्या नगरीवर तोफा डागल्या. ज्ञानाची शुचिता हेतूच्या शुचितेची हमी देत नाही, हे कष्टी मनाने येथे नोंदले पाहिजे. त्याच सुमारास कालिकतच्या दक्षिणेस, फारशा दूर नसलेल्या तृक्कण्डियूर येथे नीलकंठ सोमयाजी हा सोमयाग केलेला नंपूतिरी ब्राह्मण ‘तंत्रसंग्रह’ लिहून पुरा करत होता. या दोघांची गाठ पडल्याचा कोणताही दाखला नाही. पण चार वर्षांनी लिहिलेल्या ‘ज्योतिर्मीमांसा’ या ग्रंथात नीलकंठाने जो प्रश्न हाती घेतला, तो समुद्रावरच्या वैद्याच्या प्रश्नाहून अधिक व्याकुळ करणारा आहे. पाच सिद्धांतांची गणिते एकमेकांशी जुळत नाहीत. तिथी चुकली तर श्राद्ध, व्रत, यज्ञ सारेच अकाली होऊन निष्फळ ठरणार. मग श्रद्धावान माणसाने करावे काय? नीलकंठ त्याला धीर देतो तो शास्त्राचा शब्द अढळ आहे असे सांगून नव्हे. प्रत्येक सिद्धांत कोणत्या तरी काळी प्रमाण होता असे समजावे, ग्रहणे आणि ग्रहयुती पाहून गणित व आकाश यांतील तफावत काढावी, आणि त्याप्रमाणे नवे करण रचावे, असे तो बजावतो. आर्यभटाला देवतेच्या प्रसादाने ज्ञान झाले असे म्हणतात, त्याचा अर्थ बुद्धी निर्मळ झाली एवढाच घ्यावा, ब्रह्मदेवाने किंवा सूर्याने स्वतः येऊन पाठ दिला असा घेऊ नये, असेही तो निःशंकपणे लिहितो. त्याच्या गुरूचा पिता परमेश्वर याने पंचावन्न वर्षे ग्रहणे न्याहाळली होती. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला असे लिहिण्याचा अधिकार होता.

आणि आपल्या कोकणपट्टीवर, मुरूडजवळच्या नांदगावी, गामा लिस्बनहून निघण्याच्या एक वर्ष आधी, १४९६ च्या सुमारास, केशव दैवज्ञाने ‘ग्रहकौतुक’ रचले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त ज्या केशवाचा मोठ्या आदराने परामर्ष घेतला आहे, त्याने कोणत्या ग्रंथाने कोणता ग्रह किती चुकतो हे स्वतः आकाश पाहून ताडले, आणि पुढच्या गणकांनीही असेच पाहून नवे ग्रंथ करावेत, असे स्पष्ट लिहून ठेवले. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ याच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त या शिकवणीचे फळ अंकांत उतरलेले आहे: चंद्र सौरपक्षाचा घ्यावा, पण त्यातून नऊ कला वजा कराव्यात, शनि आर्यपक्षाचा घ्यावा, पण त्यात पाच अंश मिळवावेत. ऋषिप्रणीत म्हणून मानलेल्या ग्रंथातून नऊ कला वजा करणे आणि ती वजावट ग्रंथातच लिहून ठेवणे, याला मी धर्मनिष्ठा म्हणतो. पुढे साडेतीनशे वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे याच ग्रंथावरून झाली. आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ मध्ये आकाशाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग सुरू केले, तेव्हा त्याला झालेल्या विरोधात ग्रहलाघवाचाच हवाला देण्यात येत होता. पित्याने तपासा म्हणून सांगितलेले आणि पुत्राने तपासून दुरुस्त केलेले गणित तपासण्यास नकार देण्यासाठी त्या पुत्राचेच नाव पुढे करावे, याइतका त्या दोघांचा दुसरा अनादर मला कल्पिता येत नाही.

एकट्याची चूक एक वेळ दुसऱ्याच्या मापाने उघडकीस येते; सर्वांची समान चूक उघडकीस येणे फार कठीण. एकाच सदोष क्रांतिसारणीवरून शंभर गलबतांनी अक्षांश काढले तर ती शंभर गलबते एकमेकांची साक्ष देतील आणि सारीच खडकावर जातील. राइटने त्या सारण्या पुन्हा नव्याने मोजून केल्या त्या याचसाठी. १७०७ च्या ऑक्टोबरात अॅडमिरल क्लाउड्स्ली शॉव्हेलच्या इंग्रजी आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटून हजाराहून अधिक माणसे बुडाली; त्याचा दोष सामान्यतः रेखांश काढता येत नव्हते यावर ढकलला जातो, परंतु वाचलेल्या जहाजांच्या रोजनिश्या तपासल्यावर असे दिसून आले की, जे सहज मोजता येते म्हणून ज्याविषयी कोणाला शंका नव्हती त्या अक्षांशांतही मोठी तफावत होती. शब्दप्रमाण मानणाऱ्या आम्हा लोकांनी यावर विशेष विचार करावा असे मला वाटते. परंपरेतील एकवाक्यता हा फार मोठा आधार आहे, तो मी सोडू इच्छीत नाही. पण शंभर टीकाकार एकाच मूळ पोथीवरून लिहीत असतील तर त्यांची साक्ष शंभर साक्षीदारांची म्हणून धरता येत नाही.

यंत्रांकडे परत वळू. सूर्याकडे पाठ करून सावलीने मोजण्याचे जॉन डेव्हिसचे साधन सोळाव्या शतकाच्या अखेरीसच आले होते, आणि १७३१ मध्ये जॉन हॅडलीने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोन आरशांचे यंत्र मांडले, ज्यात सूर्याचे प्रतिबिंब खाली आणून क्षितिजाच्या रेषेवर टेकवता येते. गलबत डोलले तर दोन्ही एकत्र डोलतात, एकमेकांपासून सुटत नाहीत. यातूनच सेक्स्टंट जन्मला आणि अंशांची भाषा जाऊन कलांची भाषा आली. जुआंवची तक्रार या युक्तीने मिटली असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु मला येथे त्या यंत्राच्या वापरातील एक नित्यकर्म महत्त्वाचे वाटते. निरीक्षणापूर्वी अधिकारी काटा शून्यावर ठेवून क्षितिजाकडे पाहतो. यंत्र निर्दोष असेल तर क्षितिज अखंड दिसावे. बहुधा ते मध्ये किंचित तुटलेले दिसते. मग तो दोन्ही तुकडे जुळेपर्यंत काटा सरकवतो आणि किती कला सरकला हे लिहून घेतो. जहाजावर याला ‘इंडेक्स एरर’ म्हणतात. हा दोष थोडा असला तर आरसे पिळून तो घालवण्याच्या नादी शहाणा माणूस लागत नाही, कारण सारखे पिळलेले आरसे सैल पडतात आणि दोष रोज बदलू लागतो. दोष स्थिर राहू द्यायचा, तो रोज तपासायचा, आणि प्रत्येक मापातून वजा करायचा.

मनाच्या बाबतीत असे करता येईल का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या स्वभावातले काही कल आयुष्यभर जात नाहीत; एखादा स्वभावतःच दुसऱ्याचा दोष मोठा करून पाहतो, एखादा आपल्या भक्तीचा अंश वाढवून मोजतो. हे कल समूळ उपटण्याची प्रतिज्ञा करणारे साधक बहुधा निराश होतात किंवा दांभिक होतात. त्याऐवजी त्या कलाचे माप घेऊन, आपला प्रत्येक निवाडा देताना तेवढी वजावट करणे, हे सामान्य प्रापंचिकालाही शक्य आहे. अडचण एवढीच की, खलाशाला शून्य तपासण्यासाठी क्षितिज मिळते, आणि मनाला तसे काही मिळते की नाही हा वादाचा प्रश्न आहे. संतांनी सत्संगाचा जो आग्रह धरला त्याचे एक कारण मला येथे सापडते: जो मनुष्य आपल्याकडून काही इच्छीत नाही, त्याच्यापुढे आपला काटा शून्यावर ठेवून पाहता येतो. तरीही हे साधन क्षितिजाइतके सर्वांना, सर्व ऋतूंत उपलब्ध नाही, हे मान्य केले पाहिजे.

शिवाय क्षितिजालाही दुरुस्ती लागतेच. निरीक्षक पाण्यापासून जितका वर उभा असेल तितके क्षितिज त्याला खऱ्या समपातळीच्या खाली दिसते. नऊ मीटर उंचीवरून ते पाच कलांहून अधिक खचते, आणि उंची वाढली की हा आकडा वाढतो. म्हणून जहाजावरच्या वहीत मोजलेल्या उन्नतांशाखाली यंत्राचा दोष, उंचीची वजावट, वातावरणाने किरण वाकल्याची वजावट आणि सूर्यबिंबाची सोळा कलांची त्रिज्या अशा रकमा ओळीने मांडलेल्या असतात, व त्या साऱ्यांनंतर खरे उन्नतांश येतात. धर्मशास्त्राचा निर्णय देणाऱ्या, मठाच्या किंवा व्यासपीठाच्या उंचीवर बसलेल्या अधिकारी पुरुषांकडून माझी मागणी एवढीच आहे की, त्यांनी निर्णयाबरोबर या ओळीही लिहाव्यात: मूळ वचन काय, पाठभेद कोठे, आपल्या संप्रदायाचा कल कोणता, आपल्या स्थानामुळे आपल्याला काय खाली दिसते. नांदगावच्या केशवाने आपल्या विषयात हे करून दाखवले, आणि तो काही कमी आस्तिक नव्हता.